एकशेबारा नंबरचं झाकण

माझ्या कपाटात चौदा वह्या आहेत. त्यातल्या तेरा बरोबर आहेत.

चौदावीची गोष्ट सांगायची तर आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं. हिंगोलीत आमच्या गल्लीतही ते कोणाला धड कळलेलं नाही. समोरच्या काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की मी डोळ्यांच्या डॉक्टरकडं होते. माझा सख्खा भाऊ सांगतो, सरकारी सर्व्हे करायची. दोन्ही चूक. मी एका परीक्षेचं केंद्र चालवत होते. परीक्षा घेणारी संस्था पुण्याची, परीक्षार्थी एक मशीन, आणि प्रश्नपत्रिका म्हणजे आपली माणसं.

हे मशीन डोळ्यावरून माणूस ओळखणारं. डोळ्यातल्या काळ्या बाहुलीभोवती जे तपकिरी कडं असतं, त्यावर बारीक रेषांची नक्षी असते. ती दोन माणसांची सारखी नसते. जुळ्यांची नसते, आणि एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या डोळ्यांचीही नसते. मशीन त्या नक्षीचा फोटो ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच माणूस समोर आला की ताडून बघतं. अशी मशीनं बनवणारे पुष्कळ आहेत आणि त्यातला प्रत्येक जण म्हणतो, आमचं चुकत नाही. ते तपासायला खरी माणसं लागतात. गार खोलीत बसणारी पुण्यात भरपूर मिळतात. उन्हात डोळे बारीक करून जन्म गेलेली, पापण्यांवर धूळ असलेली, काजळ घातलेली माणसं हवी होती. म्हणून गोरेगाव, आणि म्हणून मी. त्याआधी वीस वर्षं मी घरोघर जाऊन याद्या केल्या होत्या. कोणाकडे शेळ्या किती, कोण कुठला साबण वापरतं, कोणाच्या घरी पंखा आहे. यादी करायची म्हटलं की हिंगोलीत लोक माझं नाव घ्यायचे.

मशीन तीन प्रकारे चुकतं. डोळा घेतच नाही, ही पहिली चूक. आपल्या माणसाला परका म्हणतं, ही दुसरी. परक्याला आपला म्हणतं, ही तिसरी. पहिल्या दोन चुकांनी माणूस वैतागतो. तिसरीने चोर खूश होतो. म्हणून तिसरी चूक सगळ्यात मोठी.

पद्धत सोपी होती. माणसाने स्वखुशीने यायचं. आम्ही सगळं समजावून सांगायचं, कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, डोळ्यांचे फोटो घ्यायचे आणि एक नंबराचं कार्ड द्यायचं. सहा आठवड्यांनी त्याच माणसाने ते कार्ड घेऊन परत यायचं. मशीन डोळा बघणार, कार्डावरच्या नंबराशी ताडणार, मग सगळ्या यादीत शोधणार. दुसऱ्या खेपेला येणाऱ्याला स्टीलचा एक डबा भेट. कोणाचं नाव मशीनमध्ये जात नव्हतं, चेहऱ्याचा फोटो नव्हता. मशीनकडे डोळे आणि नंबर, माझ्या वहीत नंबर आणि नाव. मधला धागा म्हणजे माझी वही. ती बरोबर, तर परीक्षा बरोबर. याचा मला अभिमान होता. किती होता ते पुढे कळेलच.

गोरेगावात बाजाराच्या रस्त्यावर आम्ही एक गाळा भाड्याने घेतला. मशीन चालवायला गजानन होता. चाळिशीचा, सेनगावचा, आधी फोटो स्टुडिओ चालवायचा. त्यामुळे समोर माणूस बसला की 'थोडं हसा' म्हणायची त्याची सवय काही केल्या जाईना. माणूस हसला की डोळे बारीक होतात आणि मशीन रुसतं.

पहिल्याच दिवशी रांग लागली आणि पहिल्याच माणसाने विचारलं, "माझा नंबर कितीचा निघाला?" लोकांना वाटलं चष्म्याचा कॅम्प आहे. मी दुपारी मोठ्या अक्षरात पाटी लावली, 'येथे डोळे तपासले जात नाहीत.' दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट. एका काकांना मी म्हटलं, "काका, दारावरची पाटी वाचली नाही का?"

"वाचता येत न्हाई म्हणूनच तं आलो," ते म्हणाले.

मग मी पाटी काढली आणि प्रत्येकाला तोंडाने सांगायला लागले की परीक्षा तुमची नाही, मशीनची आहे. ते ऐकून मान हलवत आणि बाहेर गेल्यावर एकमेकांना विचारत, "पास झाला का?" एक पैलवान तर पहिल्या झटक्यात फोटो आला म्हणून गावभर सांगत फिरला.

मारोती आबा वेगळे. सत्तरीच्या पुढचे, पापण्या लोंबलेल्या, आवाज खणखणीत. मशीनमध्ये एका बाईचा हिंदी आवाज भरलेला होता. ती म्हणाली, "कृपया आँखें खोलिए."

"उघडेच हायत," आबा म्हणाले.

"कृपया आँखें खोलिए."

"बाई, सकाळपासून उघडे हायत."

तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा आबा गजाननकडे वळले. "हिला सांग, मी काही तिच्या बापाचा नोकर न्हाई."

तेवढ्यात दारातून आजींचा आवाज आला, "अवो, तिथं भांडून राहिले का? म्हस सुटलीय तिकडं!" आबांचे दोन्ही डोळे टचकन उघडले आणि मशीनने फोटो घेतला. नंबर अठ्ठावीस. एकदम स्पष्ट. वहीच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'पत्नीचा आवाज, तिसरा प्रयत्न.' पुण्याच्या देशमाने सरांनी, म्हणजे आमच्या परीक्षेच्या प्रमुखांनी, त्या शेऱ्याचा अर्थ विचारायला खास फोन केला होता.

एकशेबारा नंबरच्या शकुंतलाबाई मला पहिल्या खेपेपासून लक्षात राहिल्या, कारण त्या एकट्याच मुद्द्याचं बोलल्या. पन्नाशीच्या, नवरा गेलेला, रेशनच्या कार्डावर एकटीचंच नाव. कापूस वेचून आणि निंदून बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. रेशनच्या मशीनवर अंगठा कधी उठायचा, कधी चार-चार चकरा.

"बाई, हे डोळ्याचं बराबर निघालं तं माझी अंगठ्याची तकलीफ जाईल का?"

"ते माझ्या हातात नाही हो. हे मशीन चांगलं आहे का वाईट, एवढंच आम्ही बघतो. कोण घेणार, कुठं लावणार, ते वरचे ठरवणार."

"पण वाईट निघालं तं कोणीच घेणार न्हाई ना?"

"नाही."

"मंग चांगलं निघू द्या," त्या म्हणाल्या आणि डोळे असे ताणून बसल्या की गजाननने घाबरून पाणी दिलं.

सहा आठवड्यांनी दुसरी खेप आली ती नेमकी सोयाबीनच्या काढणीत. तारीख मी काढली नव्हती, पुण्याहून आली होती. पुण्यात सोयाबीन पिशवीत मिळतं. पण लोक आले. शेतातून तसेच, अंगावर भुसकट, पुरुषांनी तोंडाला रुमाल, बायकांनी डोक्यावरून नाकातोंडावर फडकी बांधलेली. प्रत्येकाला मी माझ्या यादीतले अकरा प्रश्न विचारत होते. कार्ड आणलं का, मधल्या काळात डोळ्याचं ऑपरेशन झालं का, डोळ्याला मार लागला का, चष्मा लागला का, वगैरे. अकरा प्रश्न मी स्वतः तयार केले होते आणि बाकीच्या केंद्रांनाही तेच दिले होते.

दुसऱ्या दिवसापासून मशीन बिघडल्यासारखं वागायला लागलं. कार्ड नंबर चाळीस, मशीन म्हणतं, हा चाळीस नव्हे. त्र्याहत्तर, हा त्र्याहत्तर नव्हे. गजाननने काच पुसली, पडदा लावला, पडदा काढला, शेवटी उदबत्तीही लावली. उदबत्तीच्या धुराने आणखी दोन जण नापास झाले असते म्हणून ती मी विझवली. चौथ्या दिवसापर्यंत वीस जणांना मशीनने परकं ठरवलं होतं. त्यात मारोती आबांचं अठ्ठावीस नंबरचं कार्डही होतं. वीसही नावं मी लाल पेनाने वहीत मांडली आणि पुण्याला कळवलं, तुमच्या मशीनला शेतकऱ्याचा डोळा ओळखता येत नाही. लिहिताना मला जरा बरंही वाटलं, हे कबूल करते.

त्याच दुपारी कार्ड एकशेबारा आलं. फडकं बांधलेलं, घाईत. मी अकरा प्रश्न विचारले, तिने अकरांना मान हलवली. मशीनने डोळा बघितला आणि म्हणालं, ही एकशेबारा नव्हे. ही एकसष्ट.

गजानन माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. एकसष्ट नंबर परवाच येऊन गेला होता आणि मशीनने त्याला बरोबर ओळखलं होतं. म्हणजे मशीन एका बाईला दुसरीच समजत होतं. तिसरी चूक. मी डब्याच्या यादीवर अंगठा घेतला, बाईला डबा दिला, ती गेली, आणि मी पुण्याला फोन लावला.

देशमाने सरांनी दोन्ही नंबर पुन्हा वदवून घेतले. मग म्हणाले, "वंदनाताई, ही चूक एकदा जरी झाली तरी हे मशीन बाद. शनिवारी दुपारी मी स्वतः कागद न्यायला येतो. तुमची नोंद पक्की आहे ना?"

"सर, माझी वही चुकत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून कान गरम होतात.

तो दिवस गुरुवारचा. संध्याकाळी आवराआवर करताना टेबलाखाली डब्याचं एक झाकण सापडलं. शेवटचा डबा एकशेबाराचा, म्हणजे झाकण एकशेबाराचं. अर्धी वस्तू देऊन पूर्ण वस्तूवर अंगठा घेणं माझ्या स्वभावात नाही. वहीतून घर बघितलं, गजाननला म्हटलं चल, आणि झाकण घेऊन निघाले.

शकुंतलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. डावा पाय समोर लांब केलेला, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. प्लास्टर मळलेलं, त्यावर कोणीतरी हळदीकुंकू लावलेलं. आजचं नव्हतं ते.

"अगंबाई, मॅडम! या, बसा. गंगासागर, चहा ठेव."

"शकुंतलाबाई, तुम्ही आज दुपारी..." मी प्लास्टरकडे बघत म्हटलं. "तुम्ही आल्या होत्या ना?"

"मी कशी येणार? तीन आठवडे झाले, बांधावरून पडले. आमच्या जाऊबाईला धाडलं होतं. काहून? आली न्हाई का ती?"

आतून जाऊबाई चहाचं पातेलं घेऊन बाहेर डोकावल्या. फडकं नव्हतं. गंगासागरबाई, नंबर एकसष्ट. त्यांच्या मागे फळीवर शेजारी शेजारी दोन नवे डबे, एक झाकणाचा, एक बिनझाकणाचा.

मी ओट्यावर बसले.

दुपारी मला तिचे फक्त डोळे दिसत होते, आणि डोळे बघायला मशीन ठेवलेलं होतं. मशीनने बघितले होते. मशीन म्हणालं होतं, ही एकसष्ट आहे. ती एकसष्टच होती.

"अहो, पण कार्ड तुमचं आणि डोळे हिचे?" मी म्हटलं.

"कार्ड बराबर होतं ना?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी शब्द दिला होता येते म्हणून. पाय मोडला म्हणून शब्द मोडावा का? लग्नाला घरचं एक माणूस गेलं की घर गेलं. मयतीला एक माणूस गेलं की घर गेलं. मंग इथंच काहून न्हाई?"

"रेशनला चालतं का तुमच्याऐवजी ही गेलेली?"

त्यांनी अंगठा पदराला पुसला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "न्हाई चालत. म्हणून तं हे मशीन पायजे होतं."

"त्या मशीनला आता बाद करणार आहेत. तुमच्या कार्डावर हिचा डोळा निघाला म्हणून."

"पण ते तं खरंच बोललं!" गंगासागरबाई पातेलं खाली ठेवून म्हणाल्या. "मीच होते की ती!"

आम्ही चहा न घेता उठलो. लाल पेनाची वीस नावं घेऊन गजानन आणि मी अंधार पडेपर्यंत घरं पालथी घातली. चाळीसच्या जागी त्याचा मुलगा आला होता. त्र्याहत्तरच्या जागी तिची वहिनी. एका घरी तर मालक म्हणाले, "मी म्हटलं कोणीतरी जाऊन या, कोण गेलं ते इचारतो." कोणीही फसवायला गेलं नव्हतं. उलट ऐन काढणीतला एक माणूस मोकळा करून त्यांनी माझ्याकडे पाठवला होता आणि मी उपकार मानावेत अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. मारोती आबांच्या दाराला तेवढं कुलूप होतं, शेतावर गेले होते.

माझ्या अकरा प्रश्नांत 'तुम्ही तेच का?' हा प्रश्न नव्हता.

परतताना गजानन म्हणाला, "ताई, एक सांगू? नावं फक्त तुमच्या वहीत हायत. पुण्याला काय कळणार? मशीन बाद झालं तं झालं, दुसरं येईल. आपली वही तेवढी साफ राहील."

तो माझ्या भल्याचंच बोलत होता. या वहीवर माझं पुढचं काम ठरणार होतं. गाळ्यात पोचेपर्यंत मी त्यावर विचारही केला. पण एका खऱ्या बोलणाऱ्याला खोटं ठरवून माझी वही साफ कशी राहणार, हे गणित काही जमेना. मी फोन लावला.

"सर, मशीन चुकलेलं नाही. वही चुकली."

"किती ठिकाणी?"

"एकशेबारा धरून एकवीस. वीस जणांच्या घरी जाऊन पक्कं केलं, एक भेटले नाहीत."

मग ते म्हणाले, "शनिवारी दुपारी बारापर्यंत खरी माणसं त्याच खोलीत, त्याच मशीनसमोर आली, तर गोरेगावचं केंद्र धरता येईल. नाहीतर सगळंच काढून टाकावं लागेल. आणि वहीची चूक अहवालात लिहावी लागेल, ताई."

"लिहा," मी म्हटलं.

काढणीच्या दिवसांत एकवीस माणसांना शेतातून उठवायचं. शुक्रवारी सकाळी मी यादी घेऊन बाहेर पडले आणि पहिल्या तासात तीन ठिकाणी ऐकलं, "एकदा येऊन गेलं की आमचं माणूस." दहा वाजता गाळ्यासमोर बैलगाडी येऊन थांबली. गाडीत गोणपाटावर पाय पसरून शकुंतलाबाई, कासऱ्यावर गंगासागरबाई.

"माझा डोळा आधी घ्या," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मंग मी बघते बाकीच्यांकडं."

चौघांनी त्यांना खुर्चीसकट आत आणलं. मशीन म्हणालं, एकशेबारा. मग तीच गाडी गावातून आणि शिवारातून फिरली. शकुंतलाबाई प्लास्टरचा पाय पुढे करून बांधाबांधावर ओरडत होत्या, "ज्याचं कार्ड त्यानंच चला रे! माझा पाय मोडलाय तरी मी आले, तुमाला काय धाड भरली?" मोडक्या पायाच्या बाईला नाही म्हणणं कोणाला जमलं नाही. माणसं विळे खोचून आली. त्यांच्याबरोबर त्यांच्या जागी आधी आलेली माणसंही आली, डबा परत घेतात की काय ते बघायला.

"डबा न्हाई ना जात?"

"नाही जात. बाजूला व्हा."

शनिवारी अकरापर्यंत वीस झाले. वीसच्या वीस मशीनने ओळखले. देशमाने सर येऊन कोपऱ्यात उभे होते. राहिले मारोती आबा. त्यांना आणायला गजानन गेला होता. मी सरांना सांगून टाकलं, "यांच्याही जागी कोणी दुसरंच आलं असणार."

आबा आले ते तणतणतच. "माझ्या जागी कोण येणार? मीच आलो होतो! तीच बाई, तेच 'कृपया'! मी आलो, बसलो, उठलो."

ते बसले. बाई म्हणाली, "कृपया आँखें खोलिए." तीन प्रयत्न झाले. मशीन म्हणालं, हा अठ्ठावीस नव्हे. लोंबत्या पापण्यांतून त्याला अर्धाच डोळा दिसत होता. सर वहीत वाकले, त्यांनी पहिल्या खेपेचा शेरा वाचला आणि पहिल्यांदा हसले. "यांच्या मिसेस कुठं आहेत?"

"तिला काहून आणू? कार्ड माझं हाय. ज्याचं कार्ड त्यानंच या म्हणले तुमी!"

नियमाने तीनच प्रयत्न. एवढ्यात आजी दारात आल्याच, आबांचा चष्मा घेऊन. "हा विसरले, आता वाटंत पडणार." आबांचे डोळे टचकन मोठे झाले आणि मशीन स्वतःहून म्हणालं, अठ्ठावीस. पण तो चौथा प्रयत्न होता. मी तो मोजला नाही. आबांच्या नावापुढे लिहिलं, 'मशीनची चूक. खरी.' गोरेगाव केंद्रावर मशीनची तेवढी एकच चूक निघाली. आबांना मी समजावून सांगितलं तेव्हा ते आजींकडे बघत म्हणाले, "म्हणजे ही समोर असली तरच मी मी हाय. हे सांगायला पुण्याहून साहेब कशाला आला?"

केंद्र धरलं गेलं. अहवालात मशीनची एक चूक आणि नोंदवहीच्या वीस, अशी ओळ छापली गेली. माझी मोठी बहीण म्हणते, छापून आलीस हे काय कमी आहे. मला पुढचं काम मिळालं, पण वही माझ्याकडे नाही, एका नव्या मुलीकडे. तिच्या यादीत बारा प्रश्न आहेत. बारावा मी लिहून दिला. 'तुम्ही तुम्हीच आहात ना?' लोक त्यावर फार हसतात म्हणे.

मशीनचं पुढे काय झालं, हे परीक्षा घेणाऱ्यांना कोणी सांगत नाही. शकुंतलाबाईंचा फोन आला होता तेव्हा मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमच्या दुकानात तं अजून अंगठाच हाय." मग, "पण खोटं तं न्हाई ठरलं ना ते?"

"नाही. तुमच्यामुळंच."

"मंग येईल कवातरी."

आवराआवरीत दिवाळीआधी कपाट उघडलं तेव्हा चौदाव्या वहीखाली झाकण सापडलं. त्या गुरुवारी ओट्यावरून घाईत उठले ती हातात घेऊनच. मी लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, पाय बरा आहे, हिंगोलीला बाजाराला येणारच आहे, घेऊन जाते.

मंगळवारी दार वाजलं. दारात गंगासागरबाई.

"शकुंतलाबाई?"

"व्यापाऱ्याचा माणूस यायचाय तिचं सोयाबीन न्यायला. म्हणून मला धाडलं." आणि माझा चेहरा बघून घाईने, "आता हे तं चालतं ना?"

मी झाकण आणलं. वहीही आणली. चौदाव्या वहीचं शेवटचं पान उघडून त्यावर लिहिलं, 'झाकण एक. मालक, एकशेबारा. नेणार, एकसष्ट.' गंगासागरबाईंनी अंगठा उठवला, या वेळी स्वतःच्या नंबरापुढे.

त्या पानावरची तेवढी ओळ बरोबर आहे.